एलएचसीच्या खुल्या डेटात कृष्णपदार्थाचा शोध: मोनोजेटच्या शेपटीतली वाढ कशी तपासायची?

कणाद_०७

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एलएचसीवरच्या (सर्नचा प्रोटॉन-टक्कर प्रवेगक) सीएमएस प्रयोगाच्या खुल्या डेटावर मोनोजेट विश्लेषण चालू आहे, म्हणजे एका जोरकस जेटसमोर (कणांच्या झोतासमोर) काहीच दिसत नाही अशा घटना शोधणं; ते न दिसणारं कृष्णपदार्थ (डार्क मॅटर) असू शकतं. डेटा २०१६ चा, १३ टीईव्ही ऊर्जेचा, जी आणि एच कालखंडांतला, म्हणजे साधारण १६.४ इन्व्हर्स फेम्टोबार्न (नोंदलेल्या टकरींचं माप). फाइली नॅनोएओडी (घटनांचे तयार तक्ते) स्वरूपात आहेत. वाचन अपरूटने, हिस्टोग्राम कॉफियाने (दोन्ही पायथन लायब्ररी). सध्याच्या अटी साध्या आहेत: हरवलेला आडवा संवेग (पुढे नुसतं 'मेट') २५० जीईव्हीच्या वर, सर्वांत जोरकस जेट १०० जीईव्हीच्या वर, आणि घटनेत इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन नको.

तीन ठिकाणी अडलं आहे.

१. मेट ८०० जीईव्हीच्या पुढे, म्हणजे वितरणाच्या शेपटीत, गेला की डेटा सिम्युलेशनच्या बराच वर जातो. त्याच घटनांमध्ये मेटचा फाय कोन (किरणशलाकेभोवतीचा) काढला तर ० आणि पायजवळ (π जवळ) दोन उंचवटे दिसतात. खरा सिग्नल या कोनात सपाट असायला हवा. मग हे काय आहे?

२. झेड बोसॉनचं दोन न्यूट्रिनोंत विघटन ही मुख्य पार्श्वभूमी. ती सिम्युलेशनमधून घेऊन सरळ वजा केली तर किती चुकेल?

३. शेवटी निघणारी मर्यादा एलझेड, झेनॉनएनटी (कृष्णपदार्थ शोधणारे भूमिगत प्रयोग) यांच्या आलेखावर कशी टाकायची? काही आलेखांत एलएचसी त्यांच्या खूप पुढे दिसतं, काहींत खूप मागे.

---

शेषसंवेग

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. ० आणि पाय ही बीम हेलोची खूण आहे. नळीत उरलेल्या वायूवर किंवा कॉलिमेटरच्या कडेवर प्रोटॉन आपटले की पायॉन निघतात, त्यांचे म्युऑन होतात, आणि हे म्युऑन किरणशलाकेला जवळजवळ समांतर धावत डिटेक्टरमध्ये शिरतात. वाटेतले द्विध्रुव चुंबक त्यांना आडव्या प्रतलात पसरवतात, म्हणून ते डिटेक्टरला डावीकडून किंवा उजवीकडून गाठतात. एखाद्या म्युऑनने कॅलरीमीटरमध्ये जोरकस फोटॉन सोडला तर एकाच बाजूला शेकडो जीईव्ही ऊर्जा नोंदली जाते. सॉफ्टवेअर तिला जेट समजतं, आणि समतोल राखायला समोरच्या बाजूला तेवढाच मेट तयार होतो. एक जेट आणि विरुद्ध दिशेला मेट, म्हणजे तुम्ही शोधताय तीच आकृती. नुसत्या मेटच्या अटीने हे कधीच गळणार नाही.

साफसफाई या क्रमाने करा.

सगळ्यात आधी प्रमाणित रन आणि लुमी-विभागांची (डेटा-नोंदीच्या छोट्या कालखंडांची) यादी, म्हणजे 'गोल्डन जेसन'. ती लावली नाही तर डिटेक्टरचा एखादा भाग बंद असतानाच्या घटना आत येतात, आणि बंद भागाकडे निर्देश करणारा मेट दिसायला लागतो.

मग नॅनोएओडीतले 'फ्लॅग' स्तंभ. चांगला व्हर्टेक्स (टकरीचा बिंदू), ग्लोबल सुपर टाइट हेलो २०१६, एचबीएचईच्या गोंगाटाचे दोन्ही (साधा आणि आयसोलेशनचा), ईकॅलमधल्या (इलेक्ट्रॉन-फोटॉनांची ऊर्जा मोजणारा कॅलरीमीटर) मृत पेशींचा, आणि बॅड पीएफ म्युऑन. हे सगळे एकदम लावा. हेलोचा लावला आणि एचबीएचईचा राहिला, तर हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या फोटोडिटेक्टरमधला गोंगाट शेपटीत तसाच राहतो.

त्यानंतर सर्वांत जोरकस जेटचा दर्जा. त्याचा ईटा (किरणशलाकेशी असलेल्या कोनाचं माप) २.४ च्या आत असावा, जेट आयडी (जेट खरा असल्याची चाचणी) घट्ट असावा, आणि शिवाय दोन अटी: भारित हॅड्रॉनांचा ऊर्जावाटा ०.१ च्या वर, उदासीन हॅड्रॉनांचा ०.८ च्या खाली. खऱ्या जेटमध्ये साधारण साठ टक्के ऊर्जा भारित हॅड्रॉनांची, पंचवीस-तीस टक्के फोटॉनांची आणि उरलेली उदासीन हॅड्रॉनांची असते. हेलोच्या खोट्या जेटकडे मुख्य व्हर्टेक्सकडून येणारा एकही ट्रॅक नसतो, त्यामुळे त्याचा भारित वाटा शून्याच्या जवळ असतो. तुमचे उंचवटे मुख्यतः या एका अटीने जातील. अट फक्त पहिल्या जेटला लावायची. सगळ्या जेटांना लावलीत तर चांगल्या घटना विनाकारण जातात.

मेट आणि जेट यांच्यातला फाय कोनाचा फरक ०.५ च्या वर हवा, ३० जीईव्हीच्या वरच्या पहिल्या चारही जेटांसाठी. दोन-तीन जेटांच्या साध्या क्यूसीडी (क्वार्क-ग्लुऑनांच्या तीव्र क्रियेच्या) घटनेत एका जेटची ऊर्जा कमी मोजली गेली (ईकॅलच्या मृत पेशींवर पडला, किंवा बी-क्वार्कच्या विघटनात न्यूट्रिनोने ऊर्जा नेली) तर मेट त्याच जेटच्या दिशेने दिसतो. या घटनांचा क्रॉस सेक्शन (घडण्याच्या शक्यतेचं माप) सिग्नलच्या लाखो पट असल्याने हजारात एक चूकही पुरते.

शेवटी पार्टिकल-फ्लोचा (ट्रॅक आणि कॅलरीमीटर एकत्र जुळवून काढलेला) मेट आणि नुसत्या कॅलरीमीटरचा मेट यांच्यातला फरक, मेटच्या निम्म्याच्या आत. ट्रॅक चुकीचा जुळून एखाद्या म्युऑनला भलताच मोठा संवेग दिला गेला असेल तर तो पार्टिकल-फ्लोमध्ये दिसतो, कॅलरीमीटरमध्ये दिसत नाही.

ट्रिगरचंही (कोणती घटना नोंदायची ते त्या क्षणी ठरवणाऱ्या यंत्रणेचंही) बघा. २०१६ साठी १२० जीईव्हीचा पीएफ मेट नो-म्यू ट्रिगर वापरतात. २५० जीईव्हीला तो जवळपास पूर्ण कार्यक्षम असतो, ३५० च्या पुढे फरक राहत नाही. त्याची चढण एका म्युऑनच्या ट्रिगरने गोळा केलेल्या घटनांवर मोजा. मेटच्याच डेटावर मोजलीत तर उत्तर नेहमी शंभर टक्के येईल. आणि सिम्युलेशनला एल-१ (ट्रिगरची पहिली पायरी) प्रीफायरिंगचं वजन लावा. २०१६ आणि २०१७ मध्ये ईकॅलच्या पुढच्या भागातले संकेत वेळेत सरकत गेले होते. तिथे मोठी ऊर्जा असली की ट्रिगर आधीच्याच टकरीसाठी वाजायचा आणि खरी घटना हातची जायची. नॅनोएओडीत या वजनाचा तयार स्तंभ आहे.

एक सावधगिरी पुढच्यासाठी. २०१८ च्या डेटात उणे फायकडे, साधारण -१.५७ ते -०.८७ मध्ये, उंचवटा दिसला तर तो हेलो नसतो. त्या वर्षाच्या मध्यावर सीएमएसच्या एंडकॅप हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या दोन भागांचा वीजपुरवठा गेला होता. तिथे पडलेली ऊर्जा मोजलीच जात नाही आणि मेट त्या दिशेला झुकतो. त्यावर उपाय म्हणजे त्या कोनातल्या घटना वगळणं.

---

रेवातीर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सरळ वजा करू नका. या शोधात अवघड काम कृष्णपदार्थ पाहण्याचं नाही. झेडचं न्यूट्रिनोंत विघटन टक्क्या-दोन टक्क्यांच्या अचूकतेने मोजणं, हेच काम आहे. २ टीईव्हीचा मध्यस्थ कण (क्वार्कांना कृष्णपदार्थाशी जोडणारा) असला तरी तो शेपटीत काही टक्क्यांचीच भर घालतो. उलट, मॅडग्राफ या टकरींच्या प्रोग्रामच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या सिम्युलेशनमध्ये झेड आणि जेटांचा दर काही दहा टक्क्यांनी चुकू शकतो. शिवाय १ टीईव्ही आडव्या संवेगाजवळ इलेक्ट्रोवीक दुरुस्त्या झेडचं उत्पादन पंधरा-वीस टक्के खाली आणतात. ती दुरुस्ती राहिली की शेपटीचा आकारच चुकतो, आणि चूक नेमकी सिग्नलच्या जागी येऊन बसते.

म्हणून डेटाचाच आधार घ्यायचा. झेड न्यूट्रिनोंत जावो की म्युऑनांत, तो तयार होण्याची क्रिया एकच आहे. दोन म्युऑनांच्या घटना घ्या, त्यांचं एकत्रित वस्तुमान ६० ते १२० जीईव्ही असू द्या, आणि दोन्ही म्युऑनांचे संवेग मेटमध्ये सदिश म्हणून मिळवा. जे येतं त्याला 'रिकॉइल' म्हणतात, म्हणजे म्युऑन दिसलेच नसते तर जो मेट दिसला असता तो. वर सांगितलेला ट्रिगर म्युऑन मोजतच नाही, म्हणून तोच ट्रिगर इथेही चालतो आणि त्याची कार्यक्षमता बऱ्याच अंशी कटून जाते. या मांडणीतली सगळ्यात सुंदर गोष्ट मला हीच वाटते.

अडचण संख्येची. झेडची २० टक्के विघटनं न्यूट्रिनोंत होतात आणि म्युऑनांत फक्त ३.३७ टक्के, म्हणजे सहापट फरक. म्युऑन ईटा २.४ च्या आत हवेत, ओळखले जायला हवेत, या अटी धरल्या तर तो दहापटीच्या आसपास जातो. सिग्नल विभागातल्या एखाद्या भागात १००० झेड-न्यूट्रिनो घटना असतील तर दोन म्युऑनांच्या शंभर मिळतील, म्हणजे नुसती सांख्यिकीय अनिश्चितता १० टक्के. म्हणून सीएमएस एकूण पाच नियंत्रण विभाग (सिग्नल नसलेले, पार्श्वभूमी मोजायचे) वापरतं: दोन म्युऑन, दोन इलेक्ट्रॉन, एक म्युऑन, एक इलेक्ट्रॉन आणि फोटॉन.

एका म्युऑनच्या विभागात डब्ल्यू बोसॉन येतात. घटना भरपूर, पण डब्ल्यूवरून झेडकडे जाताना दोघांच्या उत्पादनाचं गुणोत्तर सिद्धान्तातून घ्यावं लागतं. फोटॉनच्या घटना त्याहून विपुल, पण तिथे गुणोत्तराची अनिश्चितता जास्त. फोटॉनवरची इलेक्ट्रोवीक दुरुस्ती झेडच्या साधारण निम्मीच असल्यामुळे ती गुणोत्तरात कटत नाही. ही गुणोत्तरं आणि त्यांच्या अनिश्चितता २०१७ मध्ये सिद्धान्तकारांच्या एका गटाने एकत्र बसवून दिल्या (क्यूसीडी दोन पायऱ्या वरपर्यंत, इलेक्ट्रोवीक एक पायरी), आणि एलएचसीवरचे दोन्ही प्रयोग (सीएमएस आणि अ‍ॅटलस) त्याच वापरतात. तुम्हीही त्याच वापरा. स्वतःचे के-फॅक्टर (सिम्युलेशनच्या दराला गुणायचे दुरुस्ती-गुणक) गोळा करायला बसलात तर अनिश्चिततांची परस्परसंगती हातातून निसटेल.

डब्ल्यू नुसता मदतनीस नाही, तो स्वतः पार्श्वभूमी आहे, एकूण घटनांच्या सुमारे एक तृतीयांश. म्युऑन ईटा २.४ च्या बाहेर गेला, १० जीईव्हीच्या खाली राहिला, किंवा डब्ल्यूपासून टाऊ निघून तो हॅड्रॉनांत विघटला, की घटना सिग्नल विभागात येऊन बसते. म्हणून नकाराच्या अटी सैल ओळखीवर आणि कमी उंबरठ्यावर ठेवतात: इलेक्ट्रॉन आणि म्युऑन १० जीईव्ही, टाऊ १८, फोटॉन १५, बी-जेट २०. तुमच्या यादीत टाऊ, फोटॉन आणि बी-जेट नाहीत, ते घाला. बी-जेटचा नकार टॉप क्वार्कांसाठी आहे.

आता नेहमी कुठे बिघडतं ते.

नियंत्रण विभागात मेटच्या जागी सगळीकडे रिकॉइल वापरायचा असतो, जेटांशी कोनाच्या अटीतसुद्धा. अनेकदा २५० च्या अटीत रिकॉइल घेतला जातो आणि ०.५ च्या अटीत जुना मेट तसाच राहतो. दोन म्युऑनांच्या घटनेत खरा मेट जवळपास शून्य असतो, त्याची दिशा यादृच्छिक असते, म्हणून बऱ्याच चांगल्या घटना विनाकारण गळतात आणि झेडचा अंदाज कमी येतो.

फोटॉन विभागात फोटॉन हा जेटांच्या यादीतही असतो. ०.४ त्रिज्येच्या आत येणारा जेट काढला नाही तर फोटॉनच 'पहिला जेट' ठरतो. २०१६ च्या फोटॉन ट्रिगरमुळे फोटॉन १७५ जीईव्हीच्या वरचाच घ्यावा लागतो.

वजनं: क्रॉस सेक्शन गुणिले ल्युमिनॉसिटी भागिले जनित वजनांची बेरीज. ही बेरीज अटी लावण्याआधीच्या सर्व घटनांची हवी. ती 'रन्स' या वेगळ्या वृक्षात तयार मिळते. निवडलेल्या घटनांची बेरीज घेतली किंवा ऋण वजनं वगळली तर सगळं चुकतं. झेड आणि डब्ल्यूचे नमुने जेटांच्या एकूण आडव्या ऊर्जेनुसार तुकड्यांत असतात (१०० ते २००, २०० ते ४००, असे २५०० च्या पुढपर्यंत). ६०० ते ८०० चा एखादा तुकडा अर्धवट उतरला असेल तर बेरीज आणि हिस्टोग्राम वेगवेगळ्या फाइलींवरून निघतात, आणि मध्येच खड्डा किंवा शेपटीत खोटी वाढ दिसते. क्रॉस सेक्शन पिकोबार्नमध्ये असेल तर ल्युमिनॉसिटी १६,४०० धरायची.

आणि नियंत्रण विभाग नीट जुळेपर्यंत सिग्नल विभागातला डेटा पाहू नका. ८०० च्या पुढची वाढ डोळ्यासमोर असेल तर प्रत्येक अट नकळत तिच्याकडे बघून ठरते.

---

धारेवर

रेवातीर यांनी सांगितलेल्याला एक पुरवणी. 'मोनोजेट' म्हणजे एकच जेट असा अर्थ घेऊन दुसऱ्या जेटवर बंदी घालू नका. कृष्णपदार्थाची जोडी स्वतः काही मागे ठेवत नाही. टकरीआधी येणाऱ्या क्वार्कमधून किंवा ग्लुऑनमधून निघालेला जेट नसेल तर घटना पूर्ण अदृश्य राहते आणि ट्रिगरच वाजत नाही. पण शेकडो जीईव्हीचा ग्लुऑन बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एखादा ३०-५० जीईव्हीचा जेट असणं अगदी नेहमीचं. त्यावर बंदी घातली तर सिग्नलचा मोठा हिस्सा गेला, आणि जेटांच्या संख्येची सैद्धान्तिक अनिश्चितता उगाच पदरी आली. अ‍ॅटलसही ३० जीईव्हीच्या वरचे चार जेटांपर्यंत चालवून घेतं.

---

भूगर्भातून

तिसरा प्रश्न. दोन्ही प्रकारचे आलेख खरे असू शकतात, कारण कोलायडरची मर्यादा मॉडेलशिवाय त्या आलेखावर जातच नाही. भूमिगत प्रयोग आकाशगंगेतला कण झेनॉनच्या अणुकेंद्रावर आपटण्याचा दर मोजतात. एलएचसी मध्यस्थ कणाच्या निर्मितीचा दर मोजतं. दोघांमधला पूल म्हणजे 'सरलीकृत मॉडेल': मध्यस्थाचं वस्तुमान, कृष्णपदार्थाचं वस्तुमान, क्वार्कशी जोड आणि कृष्णपदार्थाशी जोड. सदिश आणि अक्षीय सदिश मध्यस्थांसाठी ठरलेली निवड म्हणजे क्वार्कशी ०.२५, कृष्णपदार्थाशी १.

सुरुवातीच्या वर्षांत इफेक्टिव्ह थिअरी (मध्यस्थ गाळून केलेलं सोपं वर्णन) वापरून मर्यादा दिल्या जायच्या. ती पद्धत मध्यस्थ टकरीच्या ऊर्जेपेक्षा खूप जड असेल तरच चालते. एलएचसीत संवेगाची देवाणघेवाण टीईव्हीच्या घरात असते, त्यामुळे २ टीईव्हीच्या मध्यस्थासाठी तो गृहीतकच मोडतो. ते जुने वक्र पुन्हा वापरू नका.

रूपांतराचं सूत्र असं. सदिश मध्यस्थासाठी स्पिन-निरपेक्ष क्रॉस सेक्शन सुमारे ६.९ × १०^-४१ चौसेंमी. त्याला दोन्ही जोडांच्या गुणाकाराला ०.२५ ने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गाने गुणा, (१ टीईव्ही भागिले मध्यस्थाचं वस्तुमान) याच्या चौथ्या घाताने गुणा, आणि न्यूक्लिऑन-कृष्णपदार्थ यांच्या क्षपित वस्तुमानाच्या (जीईव्हीमध्ये) वर्गाने गुणा. अक्षीय मध्यस्थासाठी तेच सूत्र स्पिन-सापेक्ष क्रॉस सेक्शन देतं, फक्त सुरुवातीचा अंक २.४ × १०^-४२.

एक उदाहरण करून बघा. मध्यस्थ २ टीईव्ही, कृष्णपदार्थ २५ जीईव्ही. क्षपित वस्तुमानाचा वर्ग ०.८२, चौथ्या घाताचा गुणक एक सोळांश. सदिशासाठी सुमारे ३.५ × १०^-४२ येतं. एलझेडची मर्यादा या वस्तुमानांजवळ १०^-४७ च्या खाली आहे, म्हणजे इथे एलएचसी पाचहून अधिक दशघातांनी मागे. अक्षीयासाठी सुमारे १.२ × १०^-४३ येतं. प्रोटॉनवरच्या स्पिन-सापेक्ष मर्यादेसाठी कॅनडातल्या स्नोलॅबमधल्या पिको-६० ने २०१९ मध्ये २५ जीईव्हीजवळ २.५ × १०^-४१ दिली होती, तिच्या तुलनेत एलएचसी दोनशे पट पुढे. कारण सरळ आहे: स्पिन-निरपेक्ष क्रियेत झेनॉनच्या केंद्रातले शंभराहून जास्त न्यूक्लिऑन एकसाथ हातभार लावतात, स्पिन-सापेक्ष क्रियेत स्पिन जोड्यांनी कटून जातात. कोलायडरला हा फरक जवळपास जाणवत नाही.

कृष्णपदार्थ ५ जीईव्हीपेक्षा हलका असेल तर अणुकेंद्राला बसणारा धक्का भूमिगत डिटेक्टरच्या उंबरठ्याखाली जातो. कोलायडरला तिथे काहीच अडचण नाही, १ जीईव्ही असो की ५०. उलट वरच्या टोकाला, कृष्णपदार्थ मध्यस्थाच्या निम्म्याहून जड झाला की मध्यस्थ त्याच्या जोडीत विघटूच शकत नाही आणि एलएचसीची पोच झपाट्याने संपते. भूमिगत प्रयोग टीईव्हीतही मर्यादा देत राहतात.

आलेख काढताना विश्वासपातळी सारखी करा. कोलायडरच्या मर्यादा ९५ टक्क्यांवर, भूमिगतांच्या ९० टक्क्यांवर असतात. आणि आलेखाच्या कोपऱ्यात जोडांची मूल्यं लिहा, नाहीतर त्या वक्राला अर्थ नाही. क्वार्कशी जोड ०.२५ ऐवजी ०.१ घेतली की एलएचसीच्या वक्राची जागा आणि आकार दोन्ही बदलतात.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या. मोनोजेटमध्ये खरी वाढ सापडली तरी तिने इतकंच सिद्ध होईल की तो कण अ‍ॅटलसची १२.५ मीटर त्रिज्या ओलांडेपर्यंत टिकतो, म्हणजे काही दहा नॅनोसेकंद. विश्वाच्या वयाइतका टिकाऊपणा कोलायडर दाखवू शकत नाही. त्यासाठी भूमिगत प्रयोगात तेच वस्तुमान दिसावं लागेल.

---

सौदामिनी

चर्चा फक्त मोनोजेटवर चालली आहे, त्याला माझी हरकत आहे. क्वार्कशी जोड ०.२५ धरली तर मध्यस्थ निम्म्याहून थोड्या जास्त वेळा क्वार्कांतच विघटतो, आणि दोन जेटांच्या वस्तुमानातला उंचवटा शोधणारं विश्लेषण मोनोजेटपेक्षा जड मध्यस्थापर्यंत पोचतं. जोड लहान केली तर चित्र फिरतं: उत्पादन जोडीच्या वर्गाने घटतं, पण जे काही तयार होतं ते जवळपास सगळं अदृश्य विघटतं, म्हणून मोनोजेटला तुलनेने फायदा. प्रकल्पात दोन्ही वक्र एकाच आलेखावर दाखवा.

हिग्जही आहे. कृष्णपदार्थ ६२.५ जीईव्हीपेक्षा हलका असेल आणि त्याची हिग्जशी जोड असेल तर हिग्ज अदृश्य विघटेल. प्रमाणित मॉडेलमध्ये हे प्रमाण फक्त ०.१ टक्का (दोन झेड, चार न्यूट्रिनो). अ‍ॅटलसची एकत्रित वरची मर्यादा १०.७ टक्के आहे, अपेक्षित होती ७.७, सीएमएसची १५, अपेक्षित ८. दोन्हींत निरीक्षित आकडा अपेक्षितापेक्षा थोडा वर आहे, पण दावा करण्याजोगं त्यात काही नाही. यातला मुख्य मार्ग मोनोजेट नाही. दोन पुढचे-मागचे जेट आणि मध्ये रिकामी जागा, हा आहे.

आणि कृष्णपदार्थ जीईव्हीच्या घरात असेल तर मी जपानमधल्या बेल-२ प्रयोगाकडे वळेन. तिथे ७ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन ४ जीईव्हीच्या पॉझिट्रॉनवर आदळतात, एकूण १०.५८ जीईव्ही. प्रोटॉन-टकरीत आत येणाऱ्या क्वार्कांची ऊर्जा माहीत नसते, म्हणून फक्त आडवा समतोल वापरता येतो. इथे सुरुवातीची ऊर्जा पूर्ण माहीत आहे. एकच फोटॉन दिसला तर अदृश्य कणाचं वस्तुमान थेट निघतं: केंद्रीय चौकटीत फोटॉनची ऊर्जा म्हणजे (एकूण ऊर्जेचा वर्ग वजा वस्तुमानाचा वर्ग) भागिले दुप्पट एकूण ऊर्जा. वस्तुमान शून्य असेल तर फोटॉन ५.२९ जीईव्हीचा, ८ जीईव्ही असेल तर २.२७ चा. म्हणजे इथे टोकदार उंचवटा शोधायचा असतो, पसरट शेपटी मोजायची नसते. बेल-२ च्या सिलिकॉन डिटेक्टरचा चौथा थर मुंबईच्या टीआयएफआरच्या गटाकडे होता. तिथली अडचण वेगळी: इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनपासून दोन फोटॉन निघतात आणि त्यातला एक कॅलरीमीटरच्या फटीत जातो. ही पार्श्वभूमी नेमकी शून्य वस्तुमानाच्या जागी उंचवटा देते.

---

कणाद_०७

फ्लॅग, जेटचा भारित वाटा आणि कोनाच्या अटी लावल्यावर ० आणि पायजवळचे उंचवटे गेले. टाऊ, फोटॉन आणि बी-जेटचे नकार घातले. सिग्नल विभाग आता झाकला आहे. दोन म्युऑनांच्या विभागात ९०० जीईव्हीच्या पुढे बोटांवर मोजण्याइतक्याच घटना राहतात. फोटॉन विभाग उभा करावाच लागेल का, की डब्ल्यूवर भागेल? आणि फिट कशाने करावा?

---

रेवातीर

१६.४ इन्व्हर्स फेम्टोबार्न आणि एका सत्राचा वेळ धरला तर डब्ल्यूवर भागेल. फोटॉनच्या शुद्धतेचं मोजमाप हेच एक वेगळं काम आहे, ते सोडा.

एका म्युऑनच्या विभागात घट्ट ओळखीचा, २० जीईव्हीच्या वरचा एकच म्युऑन आणि आडवं वस्तुमान (म्युऑन आणि मेटवरून काढलेलं) १६० जीईव्हीच्या खाली ठेवा. सीएमएस २५० ते १४०० जीईव्हीत २२ भाग करतं. तुमच्या डेटाला आठ-नऊ पुरतील, शेवटचा ९०० च्या पुढचा सगळा एकत्र. प्रत्येक भागात झेड-न्यूट्रिनोचा दर हा मोकळा चल ठेवा. दोन म्युऑन आणि एक म्युऑन विभागांतला अपेक्षित दर म्हणजे तोच चल भागिले सिम्युलेशनमधून काढलेला हस्तांतरण-गुणक. तिन्ही विभाग एकदम फिट करा. पायएचएफ या फिटच्या पायथन लायब्ररीत हे सरळ बसतं आणि कमी घटनांच्या भागांना प्वासाँ वितरण आपोआप मिळतं. वर्गमूळाच्या चुका लावून किमान-वर्ग फिट करू नका, शेवटच्या दोन भागांत तो खोटं सांगेल.

अनिश्चितता: डब्ल्यू-झेड गुणोत्तराची सैद्धान्तिक, म्युऑन ओळखीची (दोन म्युऑनांना दुप्पट लागते), टाऊच्या नकाराची, ट्रिगरची. ओळखीची सर्व भागांत पूर्ण सुसंगत ठेवा. इलेक्ट्रोवीकची मात्र सगळी एकाच चलात बांधू नका, ती संवेगानुसार आकार बदलते. पूर्ण डेटावर अ‍ॅटलसची पार्श्वभूमीची एकूण अनिश्चितता २०० जीईव्हीजवळ दीड टक्का आणि १.२ टीईव्हीच्या पुढे चारेक टक्के आहे. तुमची कमी आकड्यांना तीन-चार आणि शेवटच्या भागात दहाच्या पुढे आली तर ते रास्त आहे. सगळीकडे एक टक्का आली तर काहीतरी राहिलं आहे.

झाकण उघडण्याआधी एक चाचणी: सिग्नल विभाग न वापरता फक्त एका म्युऑनच्या घटनांवरून दोन म्युऑनांचं रिकॉइल वितरण भाकीत करा आणि डेटाशी ताडा. गुणोत्तर संवेगाबरोबर एका बाजूला कलत गेलं तर इलेक्ट्रोवीक दुरुस्ती फक्त डब्ल्यूला किंवा फक्त झेडला लागली आहे. सगळीकडे सारखं वर-खाली असेल तर म्युऑनच्या कार्यक्षमतेच्या दुरुस्त्या किंवा एखाद्या नमुन्याचा क्रॉस सेक्शन तपासा.

सिग्नल मॅडग्राफमधल्या डीएमसिम्प (सरलीकृत कृष्णपदार्थ) मॉडेलने, पायथिया ८ (जेट घडवणारा प्रोग्राम) आणि डेल्फीसचं (डिटेक्टरची नक्कल करणारा प्रोग्राम) सीएमएस कार्ड लावून तयार करा. कृष्णपदार्थ १ जीईव्ही, मध्यस्थ १, १.५, २ आणि २.५ टीईव्ही. जेट किमान १०० जीईव्हीची अट निर्मितीच्या वेळीच घाला, नाहीतर बहुतेक घटना मेट न देताच वाया जातील. ती अट घातल्यावर क्रॉस सेक्शनही त्या अटीसकटचाच घ्यायचा. सीएमएसने ३५.९ इन्व्हर्स फेम्टोबार्नवर सदिश मध्यस्थ १.८ टीईव्हीपर्यंत वगळला होता. तुमच्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी डेटा आणि कमी नियंत्रण विभाग आहेत, तेव्हा अपेक्षित मर्यादा त्याच्या खालीच यायला हवी. वर आली तर आधी सिग्नलचं वजन बघा, मग फिटमध्ये एखादी अनिश्चितता जोडायची राहिली आहे का ते.